लिडारने हवेतील सूक्ष्मकण मोजताना या चुका टाळा

लिडार म्हणजे आकाशात लेसरचा झोत सोडून हवेतील कणांवरून परतणारा प्रकाश दुर्बिणीने टिपणारे उपकरण. त्याच्या उंचीनुसारच्या आलेखात जमिनीलगतच्या काहीशे मीटरांत कण एकाएकी कमी झालेले दिसले, तर तिथली हवा स्वच्छ आहे असे लगेच मानू नका. तेवढ्या उंचीपर्यंत लेसरचा झोत दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रात पूर्णपणे आलेलाच नसतो, त्यामुळे परतणारा प्रकाश अर्धवट टिपला जातो. हिवाळ्याच्या रात्री पुण्यासारख्या शहरातील धूर आणि धूळ नेमकी याच थरात साचते, म्हणजे ज्या हवेत माणसे श्वास घेतात तिचेच मोजमाप चुकते. शक्य असेल तर उपकरण आडवे रोखून, एकसारख्या हवेत घेतलेल्या नोंदींवरून या त्रुटीचा गुणक काढावा. ते जमत नसेल तर तेवढा भाग सरळ वगळावा आणि अहवालात तसे नोंदवावे.

आलेख वरच्या टोकाला वळून फुगत असेल, तर पार्श्वभूमीचा प्रकाश नीट वजा झालेला नाही, अशी शंका आधी घ्यावी. संकेताला अंतराच्या वर्गाने गुणले जात असल्यामुळे उरलेली तीच त्रुटी १ किलोमीटरच्या तुलनेत १० किलोमीटरवर शंभरपट होते.

सर्वांत घातक चूक मात्र गणितात होते. समीकरण एक आणि अज्ञात राशी दोन: कणांवरून उलट परतणारा प्रकाश आणि वाटेत क्षीण होणारा प्रकाश. साध्या लिडारमध्ये क्षीणनाचे उलट परतणाऱ्या प्रकाशाशी असलेले गुणोत्तर गृहीत धरावे लागते. ५३२ नॅनोमीटरवर ते समुद्री मिठाच्या कणांसाठी साधारण २०, तर धुरासाठी ७० स्टेरेडियनच्या (घनकोनाचे एकक) आसपास असते. म्हणून पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर आणि पराली (भातकापणीनंतर शेतात उरलेले खुंट व पेंढा) जळत असताना पंजाबात एकच ठरावीक आकडा वापरणे मला अक्षम्य वाटते. काढलेल्या क्षीणनाची उंचीनुसार बेरीज सनफोटोमीटर या सूर्यप्रकाश मोजणाऱ्या उपकरणाने दिलेल्या ऑप्टिकल डेप्थशी (हवेच्या संपूर्ण स्तंभातील एकूण क्षीणनाशी) ताडून पाहावी, आणि सनफोटोमीटर सूर्यप्रकाशावरच चालत असल्याने रात्रीच्या नोंदींसाठी संध्याकाळची जवळची वेळ निवडावी.

गणित जिथून सुरू होते ती संदर्भ-उंची कणविरहित असावी लागते. तिथे विरळ सिरस ढग (खूप उंचावरचा हिमकणांचा पातळ ढग) असला तरी संपूर्ण आलेख बिघडतो. जून १९९१ मधील फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर तर स्थितांबरातही (ढगांच्या थराच्या वरच्या, एरवी स्वच्छ मानल्या जाणाऱ्या हवेतही) कण पसरले होते.

शेवटी आर्द्रता तपासावी. ती ८० टक्क्यांपुढे गेली की पाणी शोषणारे कण फुगतात आणि संख्या तेवढीच असूनही संकेत वाढतो, म्हणून रेडिओसाँडची (फुग्याने वर पाठवलेल्या, तापमान व आर्द्रता मोजणाऱ्या उपकरणाची) नोंद शेजारी ठेवल्याशिवाय प्रदूषण वाढले असे लिहू नये.