कोव्हिल्यां कसं पाहावं: वरून खाली, पाण्याच्या वाटेने

पोर्तुगालमधल्या सेर्रा द एश्त्रेला या डोंगराच्या पूर्व उतारावर कोव्हिल्यां हे शहर वसलं आहे. लोकरीच्या गिरण्यांमुळे त्याला ‘पोर्तुगालचं मँचेस्टर’ म्हणत. गिरण्या इथे आल्या त्या पाण्यासाठी. गोल्द्रा आणि कार्पिंतैरा या दोन ओढ्यांनी चाकं फिरवली, लोकर धुतली आणि रंगाचे हौद भरले. म्हणून हे शहर वरून खाली, ओढ्याच्या दिशेने पाहावं. जुन्या कारखान्यांची रचना तशी लगेच उमगते, आणि गुडघेही वाचतात.

दोन मुक्काम धरा. लिस्बनहून रेल्वेने एका बाजूला चार तासांच्या आसपास लागतात आणि थेट गाड्या दिवसाला मोजक्याच असतात, त्यामुळे सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचं म्हटलं तर हातात काहीच वेळ उरत नाही. दिवस ठरवताना सोमवार टाळा, कारण त्या दिवशी इथलं लोकर संग्रहालय बंद असतं. तिकीट आधी काढलं तर स्वस्त पडतं. जाताना उजवीकडची खिडकी मागा. आब्रांतेश मागे पडलं की बराच वेळ रूळ तेजू नदीच्या अगदी काठाने धावतात, आणि नदी उजव्या हाताला असते.

नवख्यांची चूक होते ती स्टेशनवर उतरल्यावर. नकाशात मुख्य चौक जवळ दिसतो, पण नकाशा चढ दाखवत नाही. स्टेशन तळाशी आणि चौक बराच वर आहे. सामान घेऊन चालू नका, टॅक्सी किंवा शहर बस घ्या. शहरात सार्वजनिक लिफ्टही आहेत, पण त्या कधीकधी दुरुस्तीसाठी बंद असतात, म्हणून बेत त्यांच्या भरवशावर आखू नका. बुटांचा तळ रबरी हवा. फरसबंदीचे दगड वापराने गुळगुळीत झालेले असतात आणि पावसात पाय हमखास सरकतो.

सुरुवात नगरपालिकेच्या चौकापासून करा. स्थानिक लोक त्याला पेलोरीन्यु म्हणतात, रस्ता विचारताना हेच नाव घ्या. इथे पेरो द कोव्हिल्यांचा पुतळा आहे. मराठी माणसाने त्याच्यापाशी जरा थांबावं. राजा दुसरा जुआंव याने 1487 मध्ये त्याला पूर्वेकडे धाडलं. तो व्यापाऱ्याच्या वेषात कैरो, एडनमार्गे मलबार किनाऱ्यावर आणि गोव्यापर्यंत पोचला, वास्को द गामाच्या सुमारे दहा वर्षं आधी. जवळच सांता मारिया चर्च आहे. त्याचा दर्शनी भाग निळ्या-पांढऱ्या फरशांनी मढवलेला आहे.

चौकातून गोल्द्राच्या बाजूला उतरा आणि लोकर संग्रहालयात जा. दुपारी जेवणाच्या सुट्टीत दार बंद मिळू शकतं, म्हणून सकाळी उघडतानाच पोचा आणि निदान दोन तास द्या. पोर्तुगालचा तेव्हाचा बलाढ्य मंत्री मार्केश द पोंबाल याच्या काळात, 1764 मध्ये, इथे सरकारी कापड कारखाना निघाला. आज त्या इमारतीत विद्यापीठ आहे आणि तळघरात जुनं रंगकामघर जपलं आहे. 1970च्या दशकात बांधकाम करताना ते जमिनीखाली सापडलं.

इथे घाई करू नका. जमिनीत खोल गेलेले दगडी गोल खड्डे दिसतील, त्यांत रंगाची पिंपं बसत. शेजारी भट्ट्यांची तोंडं आहेत आणि वर कढया ठेवायची जागा. ही मांडणी डोळ्यांखालून घातली की रंगाऱ्याचं काम समजतं: कुठे आग हवी, कुठे मंद ऊब, पाणी कुठून येतं आणि मळ कुठे जातो. निळीच्या पिंपातून कापड बाहेर येतं तेव्हा पिवळट हिरवं असतं, हवा लागली की निळं होतं. पोर्तुगीजमध्ये निळीला ‘अनिल’ म्हणतात. तो शब्द अरबीतून गेला आणि त्याचं मूळ आपल्याच ‘नील’मध्ये आहे.

तिथून जवळच, त्याच संग्रहालयाचा दुसरा भाग व्हैगा कारखान्यात आहे. हा 1784चा खासगी कारखाना. पिंजण्यापासून विणण्यापर्यंतची यंत्रं इथे आहेत. क्रम नेमका हाच ठेवा, आधी रंगकामघर आणि मग यंत्रं. उलट गेलात तर दगडी खड्डे नुसते खड्डे वाटतात.

ओढ्याकाठी पडक्या गिरण्या दिसतील. फोटो बाहेरूनच काढा. लाकडी तक्तपोशी कुजलेली असते, आत शिरणं खरंच धोक्याचं आहे. परतताना जुन्या भागातली भित्तिचित्रं बघा; 2011 पासून ‘वूल’ नावाच्या महोत्सवात ती रंगवली जातात. दुसऱ्या दिवशी कार्पिंतैरा ओढ्यावरचा पादचारी पूल पार करा. तो 220 मीटर लांब आणि दरीपासून 52 मीटर उंच आहे. उंचीची भीती असेल तर खाली न बघता समोरचा डोंगर बघत चाला.

खाण्याचं. ‘पश्तेल द मोल्यु’ म्हणजे पापुद्र्याची मांसाची करंजी, केशर आणि व्हिनेगर घातलेल्या गरम रश्श्यात. शाकाहारी असाल तर ‘सें कार्न, सें पैश’ म्हणा, म्हणजे मांस नको, मासे नको. हिरव्या पालेभाजीच्या सूपातही सॉसेजची चकती असते, तेव्हा मागवण्याआधीच विचारा. सेर्रा द एश्त्रेला चीज मात्र निर्धास्त खा. मेंढीचं दूध, मीठ आणि दूध विरजायला एका काटेरी झाडाचं वाळलेलं फूल, एवढंच त्यात असतं, प्राण्यांचं रेनेट, म्हणजे वासराच्या वगैरे जठरातून काढलेलं दूध घट्ट करणारं द्रव्य, नसतं. संरक्षित नावाचा शिक्का बघून घ्या. मऊ चीजचा वरचा थर झाकणासारखा कापतात आणि आतलं चमच्याने पावाला लावतात.

खरेदीत ‘बुरेल’ बघा, आपल्या घोंगडीचा पोर्तुगीज भाऊबंद. घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात. बुरेल विणल्यावर पाण्यात कुटून दाट करतात, त्यामुळे धागा सहजी उसवत नाही आणि पाणी चटकन मुरत नाही.

तोर्र हे 1993 मीटरचं शिखर गाडीने गाठता येतं. हिवाळ्यात बर्फ पडलं की तो रस्ता बंद होतो, म्हणून निघण्याआधी हॉटेलात चौकशी करा आणि त्या दिवशी परतीची रेल्वे ठेवू नका.