प्लगवरून निसटणाऱ्या फांद्या

अ‍ॅक्रोपोरा या प्रवाळाच्या फांद्या कापून सिरॅमिकच्या प्लगवर (छोट्या बैठकीवर) चिकटवायच्या आणि सकाळी बघावं तर निम्म्या मत्स्यटाकीतल्या वाळूत आडव्या. दोन महिने हेच. खापर फोडलं गोगलगायींवर; त्या बिचाऱ्या फक्त धक्का द्यायच्या, चूक माझ्या चिकटवण्यात होती.

मी पातळ सुपरग्लू वापरत होतो. सायनोअ‍ॅक्रिलेट (सुपरग्लूचं मूळ द्रव्य) ओलावा लागताच कडक होतं, त्यामुळे ओल्या फांदीवर लगेच पांढरी साय धरते आणि पकड येतच नाही. आता सुपरग्लूचं घट्ट जेलच घेतो. ३-४ सेंटिमीटरची फांदी बोन कटरने कापतो, कापलेलं टोक टिश्यूवर टिपतो, वाटाण्याएवढं जेल लावून प्लगवर दाबताना किंचित पिळतो. त्या पिळाने साय फाटते, आतलं ताजं जेल सांगाड्याला भिडतं. मग टाकीच्याच पाण्याने भरलेल्या वाटीत अर्धा मिनिट धरायचं. (ते पाणी परत टाकीत ओतत नाही, कापलेला प्रवाळ फार चिकट स्राव सोडतो.)

प्लगचा रॅक थेट दिव्याखाली ठेवून दोन फांद्या पांढऱ्याफटक केल्या, तेही झालं. आता सुरुवातीला उजेड मंद, प्रवाह मात्र चांगला.

परवा एका फांदीच्या बुडाशी जेलवर पसरत चाललेली प्रवाळाची फिकट जांभळी कड दिसली. बोटाने हलवून पाहिलं. हलली नाही.