रेडिएटर गळतोय? नवा टाकायच्या आधी हे बघा

मे महिन्यात चिपळूणहून कराडला येत होतो, मी चालवत होते, शेजारी बाबा, मागे आंब्याच्या चार पेट्या. पोफळी सोडून कुंभार्ली घाटाचा चढ लागला आणि थोड्या वेळाने गाडीत गोडसर वास यायला लागला. बाबा म्हणाले आंबा दबला वाटतं पेटीत, मलाही तेच वाटलं, म्हणून दोन वळणं आम्ही आंब्यांनाच नावं ठेवत गेलो आणि मग माझं लक्ष इंजिनच्या तापमानाच्या काट्याकडे गेलं तर तो लाल पट्टीला टेकायला आलेला.

तो वास कूलंटचा होता, म्हणजे इंजिन गार ठेवायला रेडिएटरमधून फिरणाऱ्या द्रवाचा. कूलंटमध्ये ग्लायकॉल असतं, ते गरम इंजिनवर सांडलं की असा गोडूस वास येतो. एकदा घेतलात की विसरणार नाही.

तर असं काही झालं की पहिलं काम म्हणजे एसी बंद. लगेच थांबायला जागा नसेल (घाटात बऱ्याचदा नसते) तर हीटर फुल गरमवर आणि पंखा फुल स्पीडला टाका, मे महिन्यात जीव नकोसा होतो पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे, इंजिनची थोडी उष्णता तो गाडीत ओढून घेतो. काटा लाल पट्टीत गेलाच असेल किंवा वाफ दिसत असेल तर मात्र पुढच्या वळणापर्यंतसुद्धा नाही, जमेल तिथे कडेला घेऊन बंद करायची, हँडब्रेक, चाकामागे दगड. गळतीने इंजिन जात नाही हो, तसंच पुढे दामटल्याने जातं. आधी हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालचं सील) जाते, मग हेड बेंड होतं, आणि मग गॅरेजवाला जो आकडा सांगतो त्यात रेडिएटर पाचसहा आले असते.

आणि काट्यावर डोळे झाकून विश्वास नको. कूलंट सगळं गळून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा चक्क खाली येतो, आपल्याला वाटतं चला झाली थंड. कित्येक छोट्या गाड्यांना तर काटाच नसतो, थंड असताना निळा दिवा आणि तापली की लाल. लाल लागला म्हणजे विचार करत बसायचं नाही, थांबायचं.

थांबल्यावर बाबांचं सुरू झालं, अगं पाणी ओत, आमच्या जीपला आम्ही असंच करायचो. नाही ओतलं मी. रेडिएटरच्या टोपणावर ०.९ वगैरे आकडा असतो बघा, तो प्रेशरचा. ०.९ बार प्रेशरखाली साधं पाणीसुद्धा ११८ डिग्रीच्या आसपास उकळतं, म्हणजे आत १०० च्या वर गेलेलं पाणी शांत बसलेलं असतं आणि तुम्ही टोपण काढलंत की प्रेशर जातं आणि ते सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. कुकरमधली वाफ जायच्या आत झाकण काढता का? तसंच हे. पाऊण तास तरी थांबा, वरच्या जाड होज पाइपला हात लावून बघा, हात ठेवता आला आणि पाइप दाबल्यावर मऊ लागला तरच जाड फडकं टोपणावर टाकून आधी थोडंसं फिरवा, सुस्स आवाज पूर्ण थांबला की मग काढा. रेडिएटरच्या पंख्याजवळ हात नको, काही गाड्यांत इग्निशन बंद असतानाही तो अचानक फिरायला लागतो. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी भसकन ओतू नका, हेडला चीर जाऊ शकते.

थंड झाल्यावर जे असेल ते पाणी भरा, बाटलीतलं पिण्याचं चालेल, अडचणीला सगळं चालतं. गळती बारीक असेल तर थोडं चालवायचं, काटा बघायचा, थांबायचं, परत भरायचं, असं करत जवळचं गॅरेज गाठता येतं, आम्ही हेळवाकपर्यंत दोनदा थांबलो. पाणी ओतता ओतताच खालून धार लागत असेल तर टोइंग बोलवा, उगाच हिरोगिरी नको.

आता हळद. ट्रकवाले रेडिएटरमध्ये हळद टाकतात हे खरंय आणि त्याने बारीक गळती काही वेळ थांबते हेही खरंय, पूड पाण्याबरोबर भोकापर्यंत जाते आणि तिथे बसते. पण ती फक्त भोकातच बसेल असं कोणी सांगितलंय, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हीटरमध्येही बसते. बाजारात मिळणाऱ्या लीक बंद करायच्या बाटल्यांचंही थोड्याफार फरकाने तेच. जंगलात अडकलात तर टाका, नंतर सगळं फ्लश करून घ्या. एम-सील प्लॅस्टिकच्या टाकीवरच्या चिरेला लावता येतं, जागा पूर्ण कोरडी करून, पॉलिश पेपरने घासून, पण तेही घरी पोचण्यापुरतंच.

घरी आल्यावर आधी गळती शोधा, ते महत्त्वाचं. गाडीखाली रात्रभर मोठा पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी डाग बघा. नुसतं पाणी, वास नाही, चिकट नाही, तर ते बहुतेक एसीचं आहे, त्यासाठी लोक घाबरून गॅरेजला जातात. हिरवं, लाल किंवा गुलाबी आणि बोटाला बुळबुळीत लागलं तर कूलंट. मग डागाच्या बरोबर वर काय आहे ते टॉर्च घेऊन बघा. होजच्या क्लिपा, खालचा ड्रेन प्लग, टोपणाचं रबर, आणि रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या प्लॅस्टिकच्या टाक्या ॲल्युमिनियमच्या जाळीला जिथे दाबून बसवलेल्या असतात तो जोड. सुकलेल्या कूलंटचा पांढरट-हिरवट थर जिथे दिसेल तिथे चोर सापडला समजा. इंजिनच्या बाजूने ओघळ असेल तर बहुतेक वॉटर बॉडी, म्हणजे पाणी फिरवणारा पंप. पायाखालचं मॅट ओलं आणि काचेवर चिकट धुकं, तर हीटर. बाहेर कुठेच थेंब नाही पण लेव्हल रोज उतरते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो किंवा ऑइल दुधाच्या चहासारखं झालंय, तर गाडी चालवूच नका, गॅस्केट आहे.

हे सगळं का सांगतेय, तर पहिल्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून दोन मिनिटांत रेडिएटर गेलाय, नवा टाका असं सांगितलं. मी म्हटलं प्रेशर टेस्ट करा. थंड इंजिनवर हातपंपाने टोपणाच्या आकड्याइतकी हवा भरतात आणि पंपावरचा प्रेशरचा काटा उतरतो का बघतात, गळती असेल तिथून आपोआप पाणी दिसतं. त्याच्याकडे पंप नव्हता. दुसऱ्याकडे होता, आणि निघालं काय, तर खालच्या होजची क्लिप गंजून सैल झालेली. नवी क्लिप, होजचं टोक जरा कापून परत बसवलं, संपलं.

खरंच रेडिएटर गळत असेल तर जुन्या गाडीतला तांब्या-पितळेचा झाळून मिळतो आणि छान टिकतो. ॲल्युमिनियमचा असेल आणि जोडातून गळत असेल तर रेडिएटरवाले टाकीचं रबर बदलून परत दाबून देतात. जाळीच सडली असेल तर मात्र नवाच टाका, ठिगळावर पैसे घालू नका. आणि गाडी गरम होते ना, थर्मोस्टॅटच (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) काढून टाकू असं कोणी म्हणालं तर नको म्हणा, इंजिन कायम गार राहतं आणि पेट्रोल जास्त पितं.

भरताना बोअरचं पाणी अजिबात नको, क्षार धरतो, बादलीला धरतो तसाच. डिस्टिल वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं, किंवा तयार मिसळलेलं घ्या आणि त्यात वर पाणी घालू नका. रंग बघून नाही, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घ्या, दोन जातींचं मिक्स करू नका. टोपण उघडं ठेवून, हीटर गरमवर करून इंजिन चालू ठेवा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत थोडं थोडं भरत राहा, हवा आत राहिली तर गाडी परत तापते. सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि जुनं उघड्या डब्यात ठेवू नका, गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्याशानेही मरतात.

पहिले चार दिवस सकाळी गाडी काढायच्या आधी बॉनेटखालच्या कूलंटच्या बाटलीची लेव्हल बघा. पुठ्ठा तोवर तसाच राहू दे.