दाढेवरचं सीलंट टिकत नाही? या चुका टाळा

मूल सहा वर्षांचं झालं की शेवटच्या दुधाच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ताही लागत नाही. तिच्यावर काळा ठिपका दिसला तरी ‘दुधाचीच आहे, पडेल की’ म्हणून सोडून देतात. पहिली आणि सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. ही दाढ कायमची असते. तिच्या माथ्यावरच्या खाचा इतक्या चिंचोळ्या की ब्रशचा केससुद्धा आत शिरत नाही. सीलंट म्हणजे दाढेच्या माथ्यावर लावायचा पातळ संरक्षक थर, तो या खाचा बुजवतो. नीट लावलं तर मागच्या दाढांची सुमारे ८० टक्के कीड दोन वर्षं टळते. बाराव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या दुसऱ्या दाढेलाही ते लावून घ्यावं.

आता लावताना काय बिघडतं ते बघू. सीलंट महिन्याभरात निघालं की दोष मटेरियलला दिला जातो. बहुतेक वेळा खरं कारण लाळ असते. दाढ स्वच्छ करून तिच्यावर साधारण ३७ टक्के फॉस्फोरिक आम्लाचं जेल १५ ते ३० सेकंद ठेवतात. धुऊन वाळवल्यावर इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, खडूसारखं पांढुरकं, निस्तेज दिसायला हवं. दाढ अजून चकाकत असेल तर सीलंट तिथे धरणारच नाही, जेल पुन्हा लावावं लागतं. हे जमलं आणि नेमकं तेव्हाच मुलाने जीभ फिरवली, तर झालेलं काम वाया गेलं. नुसती हवा मारून पुढे जाणं ही घाई नडते. पुन्हा जेल, पुन्हा धुणं, लाळ शोषायला कापसाच्या नव्या गुंडाळ्या, याला पर्याय नाही. हवेच्या नळीतूनच पाण्याचे थेंब किंवा तेल येत असेल तरी हेच होतं. आधी तोंडाच्या आत बघायच्या छोट्या आरशावर हवा मारून बघावी, ओल असली तर लगेच दिसते.

मूल रडत असेल, तोंड मिटत असेल, तर मी म्हणेन त्या दिवशी थांबा. यात सुई नाही, दुखत नाही, पण दाढ काही मिनिटं कोरडी राहायलाच हवी. घरी आरशासमोर ‘आ’ करून बसायची सवय केली तर पुष्कळ फरक पडतो.

दाढ अर्धीच वर आली असेल आणि मागे हिरडीचा पदर तिच्यावर असेल, तर ती कोरडी ठेवणं जवळपास अशक्य. अशा वेळी नेहमीचं रेझिनचं (प्लास्टिकसारख्या मटेरियलचं) सीलंट रेटू नये. ओल थोडी सहन करणारं ग्लास आयनोमर नावाचं सिमेंट तात्पुरतं लावून ठेवावं आणि दाढ पूर्ण आली की रेझिन लावावं.

सीलंट खाचांपुरतंच हवं. भसाभस ओतलं तर चावताना उंच लागतं आणि तुकडा पडतो. लाइटने घट्ट झाल्यावर प्रोबने, म्हणजे दात तपासायच्या टोकदार सळईने, कडा उचकटून बघाव्यात. बुडबुडा राहिला असेल किंवा कड सुटली असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त होते.

पालकांकडून होणारी चूक म्हणजे ‘आता कीड लागणार नाही’ असं समजून ब्रशिंग सैल सोडणं. दोन दाढांच्या मधल्या फटीत सीलंट पोचतच नाही. तिथे फ्लॉस (दातांच्या फटीतून फिरवायचा दोरा) आणि दोन वेळा फ्लोराइडची पेस्टच कामाला येते. दर सहा महिन्यांनी दाखवत राहा. अर्धवट निघालेल्या सीलंटच्या कडेला अन्न अडकतं, आणि निघालेला भाग पाच-दहा मिनिटांत पुन्हा भरून मिळतो.