चार्ल्स मिल्स वाचायला घेताना

राजकीय तत्त्वज्ञ चार्ल्स मिल्स यांचं 'द रेशियल कॉन्ट्रॅक्ट' ('वांशिक करार', 1997) हे छोटेखानी पुस्तक एम.ए.चे बरेच विद्यार्थी थेट पहिल्या पानापासून वाचायला घेतात. भाषा सोपी, त्यामुळे पानं भराभर उलटतात आणि टर्म पेपरात शेवटी 'पाश्चात्त्य विचारवंत वर्णद्वेषी होते' एवढंच उरतं. त्यासाठी मिल्स वाचायची गरज नव्हती. त्यांचा दावा याहून बराच कठीण आहे. श्वेतवर्चस्व ही एक राजकीय व्यवस्था आहे, आणि राजेशाहीचा किंवा लोकशाहीचा करतो तसाच तिचाही अभ्यास करायला हवा.

राज्य लोकांच्या आपसातल्या करारातून उभं राहतं, असं मानणाऱ्या सामाजिक कराराच्या परंपरेला मिल्स उत्तर देतात. म्हणून आधी तिचे मूळ ग्रंथ हाताळा. अख्खे नकोत. हॉब्जच्या 'लेव्हायथन'चं (1651) तेरावं प्रकरण, लॉकच्या 'सेकंड ट्रीटाइज'मधलं दुसरं, पाचवं आणि आठवं, रूसोच्या विषमतेवरच्या निबंधाचा (1755) दुसरा भाग, आणि रॉल्सच्या 'अ थिअरी ऑफ जस्टिस'चे (1971) पहिले चार विभाग. रोज दीड-दोन तास दिले तर दोन आठवड्यांत आटोपतं. रूसोला फाटा देण्याचा मोह होतो, तो टाळा. श्रीमंतांनी गरिबांच्या गळी उतरवलेला फसवा करार तिथे आहे, आणि मिल्सच्या मांडणीचा पाया तोच. दुसरा आधार कॅरोल पेटमन यांच्या 'द सेक्शुअल कॉन्ट्रॅक्ट'चा (1988); सामाजिक कराराआड दडलेली पुरुषांची स्त्रियांवरची सत्ता त्या दाखवतात. निदान त्याचं पहिलं प्रकरण वाचूनच मिल्सकडे वळा.

लॉकच्या पाचव्या प्रकरणावर मात्र घाई करू नका. परिच्छेद 27 म्हणतो, माणूस ज्यात आपले श्रम मिसळतो ते त्याचं होतं. लगेच पुढच्या परिच्छेदात उदाहरण येतं: माझ्या घोड्याने खाल्लेलं गवत, माझ्या नोकराने कापलेली गवताची ढेकळं, मी खणलेलं खनिज, हे सगळं माझं. ढेकळं कापली नोकराने, मालकी झाली धन्याची! मग परिच्छेद 41 मध्ये अमेरिकेतला राजा येतो. मुलूख मोठा, सुपीक, पण त्याचं खाणं, राहणं, ल्यायचं-नेसायचं इंग्लंडातल्या रोजंदारी मजुराहूनही हलकं. कारण काय, तर तिथे जमिनीवर श्रम झालेले नाहीत. कोणाचे श्रम 'श्रम' म्हणून मोजले जातात आणि कोणाची जमीन 'पडीक' ठरते, हे इथे पेन्सिलीने खुणा करत वाचा.

लॉकचे पैसे गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत होते. अमेरिकेतल्या कॅरोलायना या इंग्रज वसाहतीच्या 1669 च्या राज्यघटनेच्या मसुद्याशीही त्यांचा संबंध होता, आणि तिचं कलम 110 स्वतंत्र नागरिकाला त्याच्या काळ्या गुलामांवर निरंकुश सत्ता देतं. हे जरूर लिहा, पण सगळा युक्तिवाद त्यावर तोलू नका. 'माणूस दुटप्पी होता, सिद्धान्ताचं काय?' हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो, आणि त्याचं उत्तर चरित्रात नाही, वरच्या परिच्छेदांत आहे.

मिल्स वाचताना त्यांचे तीन दावे वेगवेगळे लिहून काढा. श्वेतवर्चस्व अस्तित्वात आहे. ते राजकीय व्यवस्था म्हणून पाहिलं पाहिजे. आणि गोऱ्यांनी आपापसात केलेला करार म्हणून त्याची मांडणी करता येते. पेपर बहुधा कोसळतात ते पहिला सिद्ध केला की तिसराही झाला असं धरून चालल्याने. दुसरा घोटाळा: सगळे गोरे कराराचे लाभार्थी असले तरी सगळ्यांनी त्यावर सही केलेली असतेच असं नाही, हे मिल्स स्पष्ट सांगतात. हा भेद सुटला की व्यवस्थेचं विश्लेषण व्यक्तींवरच्या आरोपात बदलतं. आणि मिल्स करार ही कल्पना मोडीत काढत नाहीत. वंचितांच्या बाजूने ती पुन्हा वापरता येते अशीच त्यांची भूमिका आहे.

उदाहरणं कायद्यातून घ्या. अमेरिकेच्या 1790 च्या कायद्याने नागरिकत्व 'स्वतंत्र गोऱ्या' परदेशीयांपुरतंच खुलं केलं. 1923 मध्ये, भारतातून तिथे गेलेल्या भगतसिंग थिंड यांच्या नागरिकत्वाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की शास्त्रज्ञ काहीही म्हणोत, सामान्य माणसाच्या समजुतीत हा मनुष्य गोरा नाही. थिंड यांनी स्वतःची बाजू उच्च जातीच्या आधारे मांडली होती, हे आपल्याकडच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये.

कारण मराठी विद्यार्थी इथवर आला की 'वंश' खोडून 'जात' लिहितो. नातं खरं आहे. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधी लोकांना अर्पण केली. पण सांगाडा जसाच्या तसा बसत नाही. मिल्सच्या करारात मुख्य रेघ एकच, पूर्ण माणूस आणि कमी माणूस यांच्यामधली. आंबेडकरांनी दाखवलेली श्रेणीबद्ध विषमता पायऱ्यांची आहे. जवळपास प्रत्येक पायरीखाली आणखी कोणीतरी असतं, त्यामुळे खालच्यांना एकत्र येणं अवघड होतं. या विषयावर लिहायचं असेल तर प्रश्न असा घ्या: अनेक पायऱ्या असताना करारावर सही करणारे नेमके कोण ठरतात? त्यासाठी आधी 'जातीचा उच्छेद' (1936) वाचा, मग मिल्स यांचा आदर्श सिद्धान्तावरचा (म्हणजे आदर्श समाज कल्पून न्यायाचा विचार करण्याच्या पद्धतीवरचा) 2005 चा लेख, आणि शेवटी रॉल्सच्या बाजूने लिहिणारे टॉमी शेल्बी यांच्याशी झालेला त्यांचा वाद.