गाडीवरचे टवके: रंग जुळवून टचअप कसा करावा

खडी वाहणाऱ्या डंपरमागे गाडी राहिली की बोनेटच्या पुढच्या कडेला टवके उडतात. गळीत हंगामात ट्रॉलीबाहेर आलेला ऊस दाराला घासून जातो. आधी नख फिरवून पाहा. नख अडकलं नाही तर ओरखडा फक्त वरच्या क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात आहे. तिथे रंग लावूच नका, रबिंग कंपाउंडने (घासून चमक आणणाऱ्या पेस्टने) तो जातो किंवा बराच कमी होतो. नख अडकलं आणि आत राखाडी प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) किंवा उघडा पत्रा दिसला, तरच टचअपचं, म्हणजे तेवढ्याच जागी रंग भरायचं काम.

रंग नावाने मागू नका, कोडने मागा. ‘पांढरा’ म्हणून एकाच कंपनीचे दोन-तीन रंग असतात. कोड बोनेटखालच्या पट्टीवर किंवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावरच्या स्टिकरवर मिळतो. मारुतीच्या सुपिरिअर व्हाइटचा 26यू, सिल्की सिल्व्हरचा झेड2एस. कोड बरोबर असला तरी वर्षानुवर्षं उन्हात उभ्या गाडीचा रंग थोडा उतरलेला असतो, म्हणून आधी नमुना करा. पांढऱ्या कार्डावर रंगाचे दोन-तीन हात द्या, अर्ध्या भागावर क्लिअर लावा, पूर्ण वाळू द्या आणि मग पॅनेलला टेकवून बाहेर सावलीत पाहा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग बाहेर फसवतो. मेटॅलिक, म्हणजे चमकीचे कण असलेला रंग तर क्लिअरशिवाय मळकटच दिसतो, त्यामुळे क्लिअर लावलेल्या भागावरूनच ठरवा. बाटली किमान दोन मिनिटं हलवा, कारण चमकीचे कण तळाशी बसलेले असतात. फसलेल्या मेटॅलिक टचअपचं बहुतेक वेळा हेच कारण असतं.

वेळ निवडणं आपल्याकडे फार महत्त्वाचं. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या बोनेटवर हात टेकवत नाही. अशा पत्र्यावर थिनर क्षणात उडतो, रंग पसरायच्या आत आळतो आणि बारीक छिद्रं पडतात. त्या दिवसांत सकाळी सातच्या सुमारास, सावलीत, पत्रा गार असताना काम करा. डिसेंबरात उलट: दव पूर्ण सुकेपर्यंत थांबा. पावसाळी दमट हवेत क्लिअरवर पांढुरकी झाक येते, तेव्हा कोरड्या दिवसाची वाट पाहा.

गाडी शाम्पूने धुवा. बोरचं पाणी असेल तर शेवटी फिल्टरच्या पाण्याने पुसून घ्या, नाहीतर क्षारांचा थर राहतो आणि रंग धरत नाही. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने मेण, तेलकटपणा काढा. टवक्याच्या कडेची सुटलेली पापुद्री टूथपिकने उचकटा. गंज असेल तर ब्लेडच्या टोकाने चकचकीत पत्रा लागेपर्यंत खरवडा. गंजावर रंग दिला तर तो आतून पसरून फुगतो. उघड्या पत्र्यावर प्रायमरचा एक पातळ ठिपका लावून अर्धा तास ठेवा.

बाटलीच्या झाकणातला ब्रश बाजूला ठेवा. तो टवक्यापेक्षा जाड असतो आणि भोवतीच्या चांगल्या रंगावर डाग करतो. टूथपिक किंवा शून्य नंबरचा ब्रश घ्या. थेंब खड्ड्याच्या मधोमध टेकवा, तो आपोआप कडेपर्यंत सरकेल. ओढू नका. दर 20 ते 30 मिनिटांनी असे दोन ते चार पातळ हात द्या. एकाच जाड थेंबात भरला तर वरून साय धरते, आत ओलं राहतं, आणि नंतर मधे खळगा पडतो. रंग पृष्ठभागाच्या किंचित खालीच थांबवा, कारण वर क्लिअरला जागा हवी. तासाभराने क्लिअर लावा. तो वाळताना बसतो, म्हणून थोडा उंच राहिला तरी चालेल.

चुकून बाहेर गेलेला रंग थिनरमध्ये जेमतेम ओल्या केलेल्या कापसाच्या काडीने लगेच टिपा. कंपनीचा रंग एवढ्याने बिघडत नाही, पण पॅनेल गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेलं असेल तर थिनर तो रंगही उचलू शकतो. आधी कुठे तरी आडबाजूला तपासा.

किमान एक दिवस, शक्य असल्यास आठवडाभर थांबा. मग खोडरबराच्या तुकड्याला 2000 नंबरचा वॉटर पेपर (ओला करून वापरायचा बारीक पॉलिश पेपर) गुंडाळून, साबणाच्या पाण्यात भिजवून, फक्त उंचवट्यावर हलके घासा. नंतर 3000, मग कंपाउंड. इथे घाई अजिबात नको: कारखान्याचा क्लिअर साधारण 40 ते 50 मायक्रॉनच असतो, एकदा घासून गेला की परत येत नाही. महिनाभर वॅक्स लावू नका.

प्लास्टिकच्या बंपरला गंज नाही, पण प्लास्टिक उघडं पडलं असेल तर प्लास्टिकचाच प्रायमर लागतो. टवका शर्टाच्या बटणाएवढा मोठा असेल, किंवा मेटॅलिक गाडीवर हातभर ओरखडा असेल, तर ब्रशने कितीही जपून केलं तरी डाग दिसणारच. ते पॅनेल गॅरेजच्या बूथमध्ये (रंगकामाच्या बंदिस्त खोलीत) स्प्रे करून घ्या आणि रंग शेजारच्या पॅनेलमध्ये विरवून द्यायला सांगा.