वाचनालय बांधताय? आधी पुस्तकांची जागा ठरवा, या चुका टाळा

सांगली-साताऱ्याकडं वाचनालयाच्या नव्या इमारतीची बैठक बसली की चर्चा दर्शनी भागापासून सुरू होते. कमान कशी, हॉल केवढा, कोनशिलेवर नावं कुणाची. पुस्तकं कुठं राहणार हे शेवटी निघतं, तोवर नकाशा मंजूर झालेला असतो.

कृष्णाकाठच्या एका गावात समितीनं २००५ च्या पुराची खूण बघून जोतं तिच्याहून थोडं वर घेतलं. संग्रह तळमजल्यावर, कारण ज्येष्ठ सभासदांना जिना चढवत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर आम्ही कपाटं उघडायला गेलो, ती उघडेनात. भिजून फुगलेली पुस्तकं आतून पत्र्याला दाटून बसली होती. पहार लावून दारं काढली. गुळगुळीत कागदाचे दिवाळी अंक वाळले तसे एकसंध झाले, पान सुटेना. जुने, पुन्हा न मिळणारे अंक होते ते.

म्हणून नदीकाठी मी एकच हट्ट धरतो: २०१९ च्या खुणेखाली कायमचा संग्रह ठेवायचा नाही. खाली वर्तमानपत्रं, देवघेवीचं टेबल, अभ्यासिका. ज्येष्ठांसाठी रोजच्या मागणीची पुस्तकं खाली ठेवा, पण चाकाच्या मांडणीत. आयर्विनला ४० फुटांची इशारा पातळी आली की ती कोण वर नेणार, त्यांची नावं पावसाळ्याआधी भिंतीवर लागली पाहिजेत.

आता दुसरी चूक, आणि ती पुराला घाबरूनच होते. सगळा संग्रह उचलून वरच्या मजल्यावर. अहो, राहत्या घराच्या स्लॅबचा हिशेब चौरस मीटरला साधारण २०० किलोचा असतो. ग्रंथसाठ्याच्या खोलीला भारतीय मानक सुमारे ६०० किलो धरायला सांगतं, तेही २.२ मीटर उंचीपर्यंत. पुढं दर मीटरला आणखी २००. "मिस्त्री म्हणाला, चालतंय" हे उत्तर मी ऐकून घेत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. जुन्या इमारतीवर मजला चढवणार असाल तर पाया आणि कॉलम आधी तपासा. १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्यांच्या घरात अजून बोलला जातो, त्या पाटण तालुक्यातल्या लोकांना तरी हे सांगायला लागू नये. चार पैसे वाचवायला ही तपासणी टाळणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण खाली मुलं वाचत बसलेली असतात.

बाकीचं थोडक्यात. पुस्तकांच्या डोक्यावर स्वच्छतागृह किंवा पाण्याची टाकी नको. पश्चिमेच्या खिडकीसमोर मांडणी नको, पुठ्ठ्यांचा रंग उडतो. जावळी-महाबळेश्वरकडं पावसात भिंती ओल धरतात, कपाट भिंतीला चिकटवू नका, हात जाईल एवढी फट ठेवा. अभ्यासिकेला स्वतंत्र दार द्या. स्पर्धा परीक्षेची मुलं पहाटे येतात, ग्रंथपाल तेव्हा घरी असतो. प्लगचे पॉइंट भरपूर काढा, नंतर वायरी लोंबतात.

आणि उद्घाटनाची घाई. ओला गिलावा, त्यावर रंग, लगेच पुस्तकं आत, महिन्याभरात बुरशी. पावसाळ्यात काम झालं असेल तर दिवाळीपर्यंत मी पुस्तकं हलवू देत नाही. पाहुण्यांची तारीख मिळालीच असेल तर फीत हॉलची कापा, ग्रंथसाठ्याच्या खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा आणि कपाटं रिकामीच राहू द्या.